मठाच्या दारातले बूट

जर्मनी हा देश उद्या काही कारणाने आपले सगळे नियम विसरला, तरी घाबरायचं कारण नाही. वाल्डॉर्फजवळच्या एका तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताला माझे साडू राहतात. त्यांना समोर बसवावं, चहा द्यावा आणि आपण कागद-पेन घ्यावं. कचऱ्यापासून कायद्यापर्यंत सगळा देश पुन्हा जसाच्या तसा लिहून काढता येईल. फक्त चहा भरपूर लागेल. प्रत्येक नियमामागचं कारण, त्या कारणामागचा इतिहास आणि त्या इतिहासातलं पाण्याचं स्थान सांगून झाल्याशिवाय साडू पुढच्या नियमावर जात नाहीत. अशा या माणसाने आयुष्यात एकदाच नियम मोडला, आणि तोही स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केलेला. मी त्या वेळी पंच म्हणून शेजारी उभा होतो, म्हणून ही हकिकत सांगण्याचा अधिकार माझा.

साडू हे नातंच चमत्कारिक असतं. ते न मागता, बायकोच्या पाठोपाठ घरात येतं आणि सासुरवाडीला जन्मभर आपली त्याच्याशी तुलना होत राहते. माझे साडू माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, औरंगाबादचे, मेकॅनिकल इंजिनियर, आणि पंप बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीत नोकरीला. माझं लग्न ठरलं तेव्हा ते सुट्टीवर आले होते. मला बघायला सगळं गणगोत जमलेलं. कोणी पगार विचारत होतं, कोणी पत्ता. साडू खुर्ची पुढे ओढून बसले, "जय भीम" म्हणाले आणि त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी पाणी कुठून येतं?" मी सांगलीचा. म्हटलं, "कृष्णेचं." "ते झालं. टाकीची उंची किती?" ती मला माहीत नव्हती. साडूंचा चेहरा पडला. पुढे बायकोने सांगितलं की त्या रात्री घरात माझ्याबद्दल चर्चा झाली, तेव्हा साडूंनी "मुलगा चांगला आहे, पण जरा वरवरचा वाटतो" असं मत नोंदवलं होतं. ते मत त्यांनी अजून मागे घेतलेलं नाही.

वर्षभरात मलाही वाल्डॉर्फला नोकरी लागली आणि आम्ही नवरा-बायको दोन बॅगा घेऊन त्यांच्याच घरी उतरलो. दोन हजार अकरा-बारातली ही गोष्ट. पहिल्याच रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो, तर साडू गॅससमोर हातात सांडशी घेऊन, श्वास रोखून, कुकरकडे एकटक बघत उभे. मला वाटलं, कुकरचा काही बिघाड आहे. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, खुणेनेच मला मागे ओढलं. कुकरची शिटी फुरफुरायला लागली, आता वाजणार, एवढ्यात साडूंनी सांडशीने ती अलगद उचलली, वाफ सोडली आणि पुन्हा ठेवली. "एक," ते हलक्या आवाजात म्हणाले. अशा तीन मूक शिट्ट्या झाल्यावर त्यांनी गॅस बंद केला आणि मला समजावून सांगितलं, की रविवार हा इथे शांततेचा वार. खाली राहणाऱ्या आजींना आवाजाचा त्रास होता कामा नये. "त्यांनी तक्रार केली होती का?" मी विचारलं. "छे! त्यांना ऐकूच येत नाही," साडू म्हणाले. "पण नियम त्यांच्या कानांसाठी नाही केलेला."

बाटल्यांचंही तेच. इथे काचेच्या बाटल्या टाकायला पांढऱ्या, तपकिरी आणि हिरव्या काचेसाठी वेगवेगळ्या पेट्या असतात. औरंगाबादहून आणलेल्या कुठल्याशा तेलाची बाटली निघाली निळी. आपण काय केलं असतं? इकडे-तिकडे बघून कुठेतरी टाकली असती. साडूंनी नगरपालिकेला पत्र लिहिलं. आठ दिवसांनी रीतसर उत्तर आलं, की निळी काच हिरव्या पेटीत टाकावी. ते पत्र त्यांनी पारदर्शक पाकिटात घालून फाइलला लावलं आणि पुढे कोणीही पाहुणा आला की चहाआधी त्याला दाखवलं. त्या पत्राचं वाचन मी स्वतः पाच वेळा ऐकलं आहे. सहाव्या वेळी मी बाल्कनीत जाऊन बसलो, तर ते तिथे आले.

पण नियम ही झाली त्यांची आवड. ध्यास म्हणाल तर तो पाण्याचा. गावात कारंजं दिसलं की त्याच्या मागे जाऊन ते नळी कुठून आली आहे ते बघणार. हॉटेलात गेलं की जेवण मागवण्याआधी नळ सोडून बघणार आणि बाहेर येऊन वेटरला दाब किती आहे ते सांगणार. ताई म्हणतात, लग्नानंतर हे मला वेरूळला घेऊन गेले, सगळं जग कैलास लेणं बघत होतं आणि मी दिवसभर टाकी बघत होते. ती सवय त्यांना वडिलांनी लावली. वडील पाणीपुरवठ्यात फिटर होते. सुट्टीच्या दिवशी पोराला सायकलवर पुढे बसवून औरंगाबादच्या लेण्यांवर न्यायचे, आधी खडकातली पाण्याची टाकी दाखवायचे आणि मग बुद्धमूर्ती. "मूर्ती सगळेच बघतात," वडील म्हणायचे, "पण एवढ्या उंचावर भिक्खू राहिले ते प्यायचे काय, हे आधी बघ." एकदा आम्ही दोघंच चालत असताना मी साडूंना थट्टेने विचारलं, की तुम्हाला हे पाण्याचं वेड एवढं कशाने? ते चालता चालता थांबले. मग म्हणाले, "माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, साडूभाऊ. लांब उभं राहायचं, कोणी ओतलं तर प्यायचं. आमच्या घरात पाणी हा गमतीचा विषय कधी नव्हताच." आणि लगेच समोरच्या ओढ्याचा उतार किती असेल ते सांगायला लागले. त्यानंतर मी पुन्हा त्यांच्या कारंज्यांची थट्टा केली ती जरा जपूनच केली.

दर रविवारी आम्हाला पायी भटकायला न्यायचं, हा त्यांनीच घातलेला पायंडा. शनिवारी रात्री छापील वेळापत्रक हातात पडायचं. त्यात दहा बेचाळीसला पाणी पिणे आणि बारा दहाला थालीपीठ असे टप्पे असत. सकाळी स्टेशनवर पाचच माणसांची हजेरी घेतली जाई. ती स्वतः साडू, ताई, मी, माझी बायको, आणि साडूंची एकुलती एक लेक चिऊ. स्वतःचं नाव पुकारून स्वतःच "हजर" म्हणताना साडूंना काहीही विचित्र वाटत नसे.

चिऊ इथेच जन्मलेली. लहानपणी बापाचं बोट धरून प्रत्येक ओढ्याशी थांबायची आणि "हे पाणी कुठे जातं?" विचारायची. बाप सांगायचा, थेट समुद्रापर्यंत सांगायचा. पण पोर मोठी व्हायला लागली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायला लागलं, आणि पुढे तेही एका शब्दावर आलं. त्यात तेराव्या वाढदिवसाला ती मैत्रिणींना घेऊन पोहण्याच्या तलावावर गेली असताना साडू केक घेऊन पोचले, केक बाजूला ठेवला आणि तिथल्या जीवरक्षकाला, सगळ्या मैत्रिणींसमोर, तलावाच्या गाळण यंत्रणेतली चूक पाऊण तास समजावून सांगितली. जीवरक्षकाने शेवटी त्यांचे आभार मानले, हे साडू अजून अभिमानाने सांगतात. चिऊने त्या दिवसापासून त्यांना काही विचारणंच बंद केलं. "पप्पा, बिट्टे!" म्हणजे "बाबा, आता पुरे," एवढंच काय ते तिच्या तोंडून निघे.

पंधरावं सरत आलं तेव्हा एका शुक्रवारी तिने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, की यापुढे रविवारी मी येणार नाही. ताईंनी कारण विचारलं. तिने जर्मनमध्येच सांगितलं, "पप्पा सतत बोलतो. झाडं ऐकू येत नाहीत, पक्षी ऐकू येत नाहीत. फक्त पप्पा ऐकू येतो." आम्ही दोघं तोवर जवळच वेगळं घर घेऊन राहत होतो, पण त्या दिवशी तिथेच जेवायला होतो. साडूंच्या हातातला घास हातातच राहिला. इतकं शांत ते घर मी रविवारीसुद्धा पाहिलं नव्हतं.

आता त्या रविवारचा बेत होता एका जुन्या मठाचा. सिस्टर्शियन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी आठ-साडेआठशे वर्षांपूर्वी बांधलेला हा मठ डोंगराच्या कुशीत आहे. तिथे आता साधू राहत नाहीत, लोक तिकीट काढून बघायला जातात. साडू गेली दोन वर्षं तिथे जायचं ठरवत होते, कारण या साधूंसारखे पाण्याचे जाणकार युरोपात दुसरे नव्हते असं त्यांचं म्हणणं. चिऊला शाळेत नेमका तोच पंथ शिकवला होता. तिने डोळे बारीक केले आणि म्हणाली, "ते साधू बोलायचे नाहीत. सगळं खुणांनी चालायचं. पप्पा मठाच्या फाटकातून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत एक शब्दही बोलला नाही, तर शाळा संपेपर्यंत मी दर रविवारी येईन. एक शब्द बोलला, तर पुन्हा कधीच नाही."

दुसरा एखादा बाप रागावला असता किंवा हसला असता. साडू उठले आणि कागद घेऊन आले. करार झाला. खोकला आणि शिंक माफ. गुणगुणणं हे बोलणं धरावं. ओठ हलवणं चालेल, आवाज नको. पंच म्हणून माझं नाव लिहिलं. दोन प्रती काढल्या, दोघांनी सह्या केल्या, एक प्रत फ्रिजवर लागली आणि एक साडूंच्या खिशात गेली. रात्री निघताना जिन्यात साडू मला हळूच म्हणाले, "साडूभाऊ, शाळा संपायला चार वर्षं आहेत. म्हणजे दोनशे रविवार. दोन तास तोंड बंद ठेवून दोनशे रविवार पोरगी मिळत असेल तर सौदा वाईट नाही." ते हसत होते, पण जिन्याचा कठडा त्यांनी घट्ट धरला होता.

रविवारी द्राक्षांच्या मळ्यांतून आणि पिवळ्या पडलेल्या जंगलातून आम्ही अकरा किलोमीटर चाललो. त्या अकरा किलोमीटरमध्ये साडूंनी पुढच्या दोन तासांचं सगळं आगाऊ बोलून घेतलं. साधूंनी ओढा कुठे अडवला, माशांची तळी कशी एकाखाली एक बांधली, सगळा मठ न तापवता एकच खोली कशी तापवली. चिऊ कानात गाण्याच्या नळ्या खुपसून पन्नास पावलं पुढे चालत होती. फाटकाशी आल्यावर साडू थांबले, बाटलीतलं पाणी प्याले, "आल्झो, तर मग, चला," म्हणाले आणि त्यांनी तोंड मिटलं. मी घड्याळात बघितलं. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

आत शिरताच पहिला हल्ला झाला. एक गृहस्थ आपल्या बायकोला भिंतीतली दगडी पन्हळ दाखवून सांगत होते, की यातून साधू गुरांना चारा द्यायचे. साडूंच्या मानेवरच्या शिरा ताठल्या. त्यांनी पन्हळीकडे बघितलं, त्या गृहस्थांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं. ते गृहस्थ दचकून बायकोला घेऊन दुसरीकडे गेले. चिऊ सगळं बघत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ती लगेच दुसरीकडे वळली.

पुढे चर्चची ओसरी लागली. तिथे साडू खाली बसले आणि डोंगर चढायचे ते जाड बूट त्यांनी काढले. दोन्ही बूट भिंतीशी व्यवस्थित जुळवून ठेवले आणि लोकरीच्या मोज्यांवर, हात जोडून, ते आत गेले. हे मात्र त्यांचं नेहमीचं. चर्च असो, दर्गा असो की विहार, जिथे कोणी मनापासून डोकं टेकलंय तिथे बूट घालून जायचं नाही. मी एकदा म्हटलं होतं, की अहो, इथे कोणी काढत नाही. त्यावर ते म्हणाले होते, "बूट घालायलाच हवेत असा नियम दाखवा." तो मला दाखवता आला नव्हता. एरवी काढलेले बूट परतताना सापडतात. पण या मठात आत जायची वाट एक आणि बाहेर पडायची दुसरी. चर्चमधून एका बाजूच्या दाराने चौकाच्या व्हरांड्यात जायचं आणि तिथून पुढेच पुढे. मागे फिरायचं नाही, असा बाण भिंतीवर काढलेला. साडू व्हरांड्यात पोचले, खाली पायांकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं.

आता बोलता येईना आणि बाणाविरुद्ध जाता येईना. ते माझ्यासमोर येऊन खुणा करायला लागले. पायाकडे बोट, मग मागे बोट, मग दोन्ही हातांनी काहीतरी ओढून काढल्याचा अभिनय. मला वाटलं, मोजा फाटला. मान हलवून त्यांनी पुन्हा सगळं केलं. बायकोला वाटलं, पाय मुरगळला, आणि तिने पिशवीतून मलम काढलं. ताई इतक्या वर्षांत नवऱ्याला गप्प बघून एवढ्या सुखावल्या होत्या, की त्यांनी खुणांकडे बघितलंच नाही. एवढ्यात मठातल्या देखरेखीच्या बाई हातात ते बूट लांब धरून व्हरांड्यात आल्या आणि मोठ्याने विचारू लागल्या, की हे कोणाचे? पंचवीसएक माणसं थबकली. साडूंनी एक पाय गुडघ्यापर्यंत वर उचलला आणि लाल मोज्यातला पंजा हवेत हलवला.

बाईंनी त्यांना विचारलं, की बूट का काढले? साडूंनी छातीवर हात ठेवला, चर्चकडे बोट दाखवलं आणि मान झुकवली. बाईंनी पुन्हा विचारलं. साडूंनी ओठांवर बोट ठेवलं. बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांना वाटलं, या बिचाऱ्यांना बोलता-ऐकता येत नाही. मग त्या एकेक अक्षर सुटं करून, हातवारे करत सांगू लागल्या, की बूट घाला, फरशी गार आहे. साडू मान डोलावत राहिले. ज्या माणसाने पाऊण तास जीवरक्षकाला शिकवलं, तो एका शब्दाचा खुलासा न करता लहान मुलासारखा खाली बसून नाड्या बांधत होता. बाई जाताना त्यांच्या खांद्यावर थोपटून गेल्या. त्या गेल्या मात्र, आणि चिऊ जी हसायला लागली, ती तिथल्या दगडी कट्ट्यावर बसली तरी तिचं हसू थांबेना. साडू तिच्याकडे बघत राहिले. त्यांना अपमान, राग काही वाटला नव्हता. पोर हसतेय, एवढंच त्यांना दिसत होतं.

घड्याळात साडेचार झाले. मठ पाचला बंद व्हायचा, म्हणजे अर्धा तास राहिला होता आणि साडू जिंकत होते. आणि तेव्हा आम्ही कारंजघरात आलो. साधू जेवायला जाण्याआधी हात-तोंड धुवायचे ती ही जागा. चौकाला लागून उघडी दगडी खोली, मधोमध एकावर एक ठेवलेली तीन पात्रं, आणि सगळ्यात वरून पाणी हळूहळू खाली उतरत होतं. साडू त्या पात्राभोवती फिरले. वाकून खाली बघितलं, मान वर करून भिंतीपलीकडच्या डोंगराकडे बघितलं. मग नुसतेच उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते, हे मी खोटं सांगत नाही. या पाण्याबद्दल सांगायला त्यांच्याजवळ जन्मभराचा साठा होता आणि तोंड बंद होतं.

चिऊ त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. पाण्याकडे बघत होती. आणि म्हणाली, मराठीत, अडखळत, "पप्पा, इथे पंप नाही ना. मग पाणी एवढं वर कसं येतं?"

सापळा आहे हे मला दिसलं, माझ्या बायकोलाही दिसलं. मी साडूंकडे बघून डोळे मोठे केले. पंचाने करू नये ते केलं. साडूंनी माझ्याकडे बघितलं, खिशातला कागद काढला, त्याची नीट चौपट घडी केली आणि माझ्या हातात दिली. मग लेकीकडे वळून म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. वर बघ. ती झाडी दिसते ना, तिथे झरा आहे."

आणि ते बोलले. झऱ्यापासून सुरुवात केली. साधूंनी तिथून बंद नळ्या घातल्या. पाणी दरीत उतरलं, भिंतीखालून आलं, आणि नळी वर वळवल्याबरोबर चढायला लागलं. "कोणी ढकलत नाही, चिऊ. पाणी ज्या उंचीवरून निघालं ती विसरत नाही. वाटेत कितीही खाली जाऊ दे, कितीही लांब जाऊ दे, मोकळी वाट मिळाली की पुन्हा तेवढं वर यायला बघतं. नळीत घासून थोडी उंची जाते वाटेत. थोडी जातेच. पण विसरत नाही." मग त्यांनी वडिलांची सायकल सांगितली, लेण्यांतली टाकी सांगितली, आणि जे मला एकदाच रानात सांगितलं होतं ते विहिरीचंही सांगितलं. चिऊने कानातल्या नळ्या काढून खिशात घातल्या होत्या. मधे एकदा तिने विचारलं, "मग पणजोबा प्यायचे काय?" हेही मराठीत. पाच वाजता त्या देखरेखीच्या बाई दार लावायला आल्या, आणि ज्यांना बोलता येत नाही असं त्यांना वाटलं होतं ते गृहस्थ घडाघडा बोलताहेत हे बघून किल्ल्या हातात धरून उभ्याच राहिल्या.

फाटकाबाहेर आल्यावर चिऊ हळूच म्हणाली, "फेरलोरन, पप्पा." म्हणजे हरलास. "गेनाऊ," साडू म्हणाले. अगदी बरोबर. बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो आणि न राहवून म्हटलं, "अहो साडूभाऊ, अर्ध्या तासाचा प्रश्न होता. तिने मुद्दाम विचारलं, कळलं नाही का तुम्हाला?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी पंपवाला आहे, बावळट नाही. कळलं की. पण पोरीने दोन वर्षांत मला काही विचारलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर दोनशे रविवार मिळाले असते, पण तिचं विचारणं कायमचं गेलं असतं." आणि मग जरा वेळाने, "आणि सापळा असता तर पणजोबांचं कशाला विचारलं असतं?"

पुढच्या रविवारी चिऊ आली नाही. करार म्हणजे करार. ताईंनी तिला एकदा "चल ना" म्हटलं, तर साडूंनी ताईंनाच दटावलं, की सही केली आहे मी. स्टेशनवर नेहमीसारखी हजेरी झाली. स्वतःचं नाव, ताईंचं, माझं, माझ्या बायकोचं. मग साडूंनी चिऊचं नाव पुकारलं आणि वहीत लिहिलं, "परवानगीने गैरहजर." पुढची चार वर्षं, मी तिथे होतो तोपर्यंत प्रत्येक रविवारी, ते नाव पुकारलं गेलं आणि तेच लिहिलं गेलं. घरी मात्र चिऊ कधीकधी आठवड्यातून एखादा प्रश्न टाकायची, बेसिनपाशी उभी राहून, पाठमोरी. त्या रात्री साडूंचा मला फोन यायचा आणि मला तो प्रश्न, त्याचं उत्तर आणि उत्तराचा इतिहास सगळं ऐकावं लागायचं. मी तक्रार केली नाही.

पुढे माझी नोकरी बदलली आणि आम्ही म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला आलो. ते रविवार संपले. सुरुवातीला सुटल्यासारखं वाटलं, नंतर दहा बेचाळीसला उगाचच तहान लागायला लागली. चिऊही शाळा संपवून शिकायला म्युनिकला आली. पाण्याबिण्याचं काही नाही, ती अर्थशास्त्र शिकते. महिन्यातून एखाद्या शनिवारी आमच्याकडे वरण-भात खायला येते. गेल्या शरदात ती तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन आली आणि म्हणाली, "काका, चल, कुठेतरी चालायला जाऊ." आम्ही एका टेकडीवरच्या छोट्या चर्चपर्यंत गेलो. मैत्रिणी गप्पा मारत सरळ आत शिरल्या. मी त्यांच्या मागे दारापर्यंत पोचलो आणि वळून बघितलं, तर चिऊ पायरीवर बसून नाड्या सोडत होती. दोन्ही बूट तिने भिंतीशी जुळवून ठेवले आणि वर बघितलं तर समोर मी. ती लाल झाली.

"पप्पांना सांगू नको हं, काका," ती मराठीत म्हणाली.

मी तिला शब्द दिला. त्या रात्री साडूंचा फोन आला, चिऊ कशी आहे म्हणून. मी म्हटलं, बरी आहे, चांगली जेवली. "आणखी काही?" त्यांनी विचारलं आणि मी सांगून टाकायला तोंड उघडलं होतं, पण शब्द म्हणजे शब्द. सांगायचं नाही एवढंच ठरलं होतं. लिहायचं नाही असा नियम कोणी दाखवावा.